‘असंघटित’ या संज्ञेविषयी

वेतनी श्रमाच्या पालटत्या स्वरूपाविषयी मराठीत जे लेखन होते, त्यात ‘असंघटित क्षेत्र’ ही संज्ञा इतकी रुळली आहे की, ती एकदा तपासून घ्यावी असे सहसा कोणास वाटत नाही. कीथ हार्ट या मानवशास्त्रज्ञाने घानातील आक्रा शहराविषयीच्या आपल्या १९७३ च्या निबंधात जी कल्पना मांडली, ती ‘अनौपचारिक’ उत्पन्नाची होती. आपल्याकडे त्याच अर्थी ‘असंघटित’ हा शब्दही सर्रास चालतो. दोहोंचे मर्म नकारवाचक उपसर्गात आहे. वस्तू काय नाही एवढे सांगितले, की ती काय आहे हे सांगण्याची जबाबदारी लेखकावर उरत नाही.

बीड जिल्ह्यातून दरवर्षी ऊसतोडणीस जाणाऱ्या टोळ्यांचे उदाहरण घ्यावे. मुकादम हंगामापूर्वी उचल देतो. तोडलेल्या उसाच्या वजनावर मजुरी आकारून ती उचलीत वळती होते. बाकी राहिल्यास पुढील वर्षी पुन्हा त्याच्याकडेच जावे लागते. इतक्या काटेकोर व्यवस्थेस ‘असंघटित’ म्हणणे हा भाषेचा दुरुपयोग होय. ही संज्ञा योजताच वाक्यातून मुकादम नाहीसा होतो, त्याच्यामागचा कारखानाही दिसेनासा होतो, आणि मजुरी ही मुळात कर्जाची फेड आहे ही मुख्य गोष्ट निसटते.

श्रमिकांचे स्वतःचे शब्द याहून नेमके असतात. मुंबईच्या गिरणीत ‘खाडा’ म्हणजे गैरहजेरी. त्या दिवसाचा पगार बुडे, एवढेच. उसाच्या फडात खाड्याबद्दल दंड बसतो आणि तो उचलीच्या बाकीत मिळविला जातो. शब्द तोच, पण वेतनाचे नाते पालटल्यामुळे त्याचा अर्थ सरकला आहे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या ओस पडल्या, त्या काळातील श्रमजीवनाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने अशा अर्थांतरांची नोंद प्रथम करावी.

तथापि लोकांचे शब्द निर्दोष असतात, असा भाबडा ग्रह नको. टोळीत जोडप्यास मिळून ‘कोयता’ म्हणतात. एकटा माणूस ‘अर्धा कोयता’. उचल सामान्यतः पुरुषाच्या हाती पडते. मोळ्या बांधून डोक्यावर वाहणाऱ्या स्त्रीचे वेतन हिशेबात निराळे दिसतच नाही. अवजाराच्या नावाने माणसे मोजणारा हा शब्द जितका नेमका, तितकाच निर्दय आहे.

संज्ञेचा हा वाद केवळ कोशकारांचा नव्हे. महाराष्ट्राच्या १९६९ च्या अधिनियमाने ‘माथाडी’ हा डोक्यावर ओझे वाहणाऱ्यांचा शब्द शीर्षकात घेतला. मंडळाकडे मालक व कामगार दोघांची नोंद होते आणि मजुरी मंडळामार्फत दिली जाते. उलट २००८ च्या केंद्रीय कायद्याच्या नावात ‘असंघटित कामगार’ आले, आणि त्याचा भर मुख्यतः शासकीय योजनांवर राहिला. ज्यास नाव नाही, त्या मालकावर बंधन तरी कसे घालणार?

आता भ्रमणध्वनीवरील मागणीनुसार घरपोच वस्तू नेणाऱ्या तरुणास कंपन्या ‘पार्टनर’ म्हणतात. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने त्याच्यासाठी ‘गिग कामगार’ ही निराळी व्याख्या केली. ‘पार्टनर’चे मराठीकरण ‘भागीदार’ असे करण्याचा मोह काही अनुवादकांस होतो, तो आवरावा. मराठीत भागीदारास नफ्यात वाटा असतो आणि वही उघडून पाहण्याचा हक्क असतो. या तरुणास प्रत्येक फेरीचा दर कसा ठरला, तेही कळत नाही.