नमुना झाला, पुढे काय?

अरविंद गुप्ता यांनी १९७८ साली होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमात असताना आगकाड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब यांपासून नमुने तयार केले. हे साहित्य कोणत्याही शाळेला परवडते, हा त्यांचा मोठा गुण. गुल खरवडलेल्या काड्या नळीच्या तुकड्यात खुपसल्या की सांधा तयार. त्रिकोण ताठ राहतो. चौकोन बोटाने दाबताच कलतो.

आमचा आक्षेप एकच आहे. चित्र समोर असले की पाचवीचे मूल विचार न करताही नमुना पुरा करते आणि तो प्रदर्शनाच्या टेबलावर जातो. या वयात मुले तुलना करतात, नियम शोधू शकतात. म्हणून चित्राआधी प्रश्न विचारावा : चौकोन ताठ करायला आणखी किती काड्या लागतील? पंचकोनाला? षटकोनाला? (कर्णासाठी खराट्याची लांब काडी घ्यावी.) एक, दोन, तीन, सप्तकोनाचे उत्तर मुलेच सांगतील.

मग तासगावच्या शिक्षकांनी वर्ग द्राक्षबागेत न्यावा. कडेच्या खांबाला बाहेरून तिरकी तार कशासाठी? खांब, जमीन आणि तार यांचा त्रिकोण मुलाला स्वतः दिसला, तरच नमुना पुरा झाला असे आम्ही म्हणू.