षष्ठीचा संबंध आणि आमसुलाचे आम्ल

वैद्यकीय संशोधनाचे निष्कर्ष मराठीत मांडताना ‘अमुक द्रव्याचा तमुक विकाराशी संबंध आहे’ ही वाक्यरचना फार सोयीची ठरली आहे. व्याकरणाच्या दृष्टीने मात्र तिच्याइतके कमी सांगणारी रचना दुसरी नाही. पाणिनीय परंपरेत षष्ठीला कारकांत स्थान नाही, याचे कारणही हेच होय. क्रिया कोणी केली, कशाने केली, कोठून घडली, यांपैकी काहीही षष्ठी सांगत नाही. ती केवळ संबंध सुचविते. ‘सायट्रेटांचा मूत्रपिंडविकाराशी संबंध’ हे विधान या कसोटीवर घासून पाहण्याजोगे आहे.

नेफ्रोटिक सिंड्रोम या विकारात प्रौढ रुग्णाच्या लघवीतून दिवसाला ३.५ ग्रॅमहून अधिक प्रथिने वाहून जातात, रक्तातील अल्ब्युमिन घटते आणि पायांवर व चेहऱ्यावर सूज येते. दोष असतो तो मूत्रपिंडातील सूक्ष्म गाळणीत. सायट्रेटांचे कार्य याहून निराळे आहे. पोटॅशियम सायट्रेट मूत्रातील कॅल्शियमला बांधून ठेवते व मूत्राची आम्लता कमी करते. म्हणून ते मुतखड्यावर देतात. सोडियम सायट्रेटापासून शरीरात बायकार्बोनेट तयार होते व रक्तातील वाढलेली आम्लता उतरते. फेरिक सायट्रेटाला अमेरिकेत २०१४ साली डायलिसिसवरील रुग्णांसाठी मान्यता मिळाली. परंतु तेथे आतड्यात फॉस्फेट अडविण्याचे काम लोहाचे असते, सायट्रेट केवळ त्याच्या सोबतीला. तिन्ही ठिकाणी मूत्रपिंड आहे आणि सायट्रेटही आहे. प्रथिनांची गळती थांबविणारा कर्ता मात्र एकाही ठिकाणी नाही.

ही चिकित्सा केवळ शब्दांची नव्हे, हे रायगडच्या किनाऱ्यावर ध्यानात येते. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या पट्ट्यातील वाचकाला आंबट द्रव्य म्हटले की आधी आमसूल आठवते. गार्सिनिया कुळातील फळांचे प्रमुख आम्ल पूर्वी सायट्रिक वा टार्टरिक समजले जाई. १९६५ साली लुईस व नीलकंठन यांनी त्याच कुळातील एका दाक्षिणात्य फळाविषयी ते हायड्रॉक्सीसायट्रिक असल्याचे दाखविले. कोकमाच्या सालीतही हे आम्ल असते. २०१६ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या संशोधनानुसार ते कॅल्शियम ऑक्झलेटाचे स्फटिक विरघळवू शकते. हा शोध मुतखड्याच्या विचाराला उपयुक्त आहे. प्रथिनगळतीविषयी तो काही सांगत नाही. परंतु ‘संबंध’ या एका शब्दाखाली दोन्ही विकार एकत्र आले, की सुजलेल्या पायांचा रुग्ण औषध समजून आगळ पिऊ लागण्याचा धोका उरतो. आगळ मिठात मुरविलेले असते, आणि अशा रुग्णाला तर मीठ कमी करण्यास सांगितलेले असते.

म्हणून निष्कर्ष लिहिताना षष्ठी सोडून तृतीयेकडे व ‘-मुळे’सारख्या शब्दयोगींकडे वळणे हिताचे होय. कशाने, कशामुळे, कोणाच्या शरीरात की केवळ काचनळीत, हे वाक्यानेच सांगितले पाहिजे. जेथे असे वाक्य रचता येत नाही तेथे संशोधन अद्याप पोहोचलेले नाही, असे समजावे. आणि तसे लिहिण्यात मराठीला वा शास्त्राला कोणताही कमीपणा नाही.