रोडिनियाचा नकाशा : आपल्या तुकड्याखाली पुरावा किती?

रोडिनियावरचं कुठलंही व्याख्यान ऐका, तिसऱ्या-चौथ्या स्लाइडला एक नकाशा येतोच. मध्ये लॉरेन्शिया, म्हणजे उत्तर अमेरिकेचा जुना गाभा, आणि त्याला चारी बाजूंनी चिकटलेले बाकीचे खंड. बऱ्याचदा हा नकाशा झेंग-शियांग ली आणि त्यांच्या सहलेखकांनी २००८ मध्ये 'प्रीकेंब्रियन रिसर्च'मध्ये छापलेल्या लेखातून, नाहीतर त्याच्या एखाद्या नातवंडातून आलेला असतो. तुम्ही पुराचुंबकत्वात पीएचडीचा विचार करत असाल तर हा लेख वाचावाच लागेल. पण कसा वाचायचा, ते बोलूया.

आधी कौतुक. १३० ते ९० कोटी वर्षांपूर्वी खंड कसे जुळले, साधारण ८२.५ कोटी वर्षांपासून त्यांना भेगा कशा पडत गेल्या, त्यामागे प्रावरणात काय घडलं असेल, ही सगळी गोष्ट एका सूत्रात बांधणं सोपं नाही. आणि लेखक उगाच छाती पुढे काढत नाहीत. हे आमच्या पसंतीचं प्रारूप आहे, सगळे किंवा जवळपास सगळे खंड त्यात असावेत, अशीच त्यांची भाषा आहे. माझी तक्रार नकाशाबद्दल आहे. 'असावेत' हा शब्द मजकुरात लिहिता येतो, पण नकाशात किनाऱ्याची रेषा एकदा काढली की ती काढलीच. शंभर पुराव्यांची रेषा आणि दोन पुराव्यांची रेषा तिथे सारखीच दिसते.

मुळात खडकाकडून आपल्याला मिळतं काय? लाव्हा थंड होताना त्यातल्या मॅग्नेटाइटसारख्या खनिजांत त्या वेळच्या चुंबकक्षेत्राची दिशा गोठते. ती क्षितिजाशी जो कोन करते तो नतिकोन, आणि त्याचा टॅन्जंट हा अक्षांशाच्या टॅन्जंटच्या दुप्पट असतो. आपल्या दख्खनच्या बेसाल्टचंच घ्या. तिथे नतिकोन ४८ अंशांच्या आसपास मिळतो. गणित करून बघा, अक्षांश येतो २९. आज महाबळेश्वर १८ उत्तरेला आहे आणि ६.६ कोटी वर्षांपूर्वी ही जमीन २९ दक्षिणेच्या आसपास होती, म्हणजे पाच हजार किलोमीटरचा प्रवास. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातल्या ब्लॅकेट यांच्या गटातून क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी १९५६ मध्ये हे दाखवलं, तेव्हा खंड सरकतात हे बऱ्याच भूवैज्ञानिकांना मान्यही नव्हतं.

आता या गणितात काय नाही ते बघा. रेखांश नाही. सरासरी चुंबकक्षेत्र पृथ्वीच्या अक्षाभोवती सगळीकडे सारखंच असतं, त्यामुळे तोच खंड त्याच अक्षांशावर पूर्व-पश्चिम कुठेही ठेवा, खडक तक्रार करणार नाही. शिवाय चुंबकीय ध्रुव अधूनमधून उलटतात. दख्खनमध्ये याचा त्रास होत नाही, कारण भारताचा पुढचा प्रवास आपल्याला सलग माहीत आहे. शंभर कोटी वर्षांपूर्वीच्या एका सुट्या ध्रुवाबाबत मात्र खंड उत्तर गोलार्धात होता की दक्षिण, हेसुद्धा ठरवता येत नाही.

तिसरी अडचण वयाची, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. बंगळुरूच्या दक्षिणेला हारोहळ्ळीचे डाइक आहेत. जुन्या वयांनुसार ते ८० ते ८५ कोटी वर्षांपूर्वीचे मानले जात, म्हणजे ऐन रोडिनियाच्या काळातले. भारताची जागा ठरवताना हा ध्रुव हाताशी असे. मग प्रधान, पंडित आणि मिअर्ट यांनी तिथल्या झिरकॉनचं युरेनियम-शिसे पद्धतीने वय काढलं. ते आलं ११९.२ कोटी! दिशा तीच, डाइक तेच, ध्रुव मात्र एका झटक्यात ३५-४० कोटी वर्षं मागे गेला. पँजिया जुळण्याच्याही आधीपासून आजपर्यंत जेवढा काळ गेला, तेवढी ही चूक. हे काम छापलं गेलं २००८ मध्येच, म्हणजे लींच्या लेखाच्याच वर्षी. त्यामुळे लेखकांना दोष देण्यात अर्थ नाही. पण या काळातले भारताचे भरवशाचे ध्रुव मुळात बोटांवर मोजण्याइतके असताना त्यातला एक असा निसटतो, हे नकाशा पाहणाऱ्याला कळायला हवं.

मग ही पद्धत निकामी आहे का? अजिबात नाही. फक्त ती 'जुळत नाही' हे जितक्या ठामपणे सांगते, तितक्या ठामपणे 'जुळतं' हे सांगत नाही. राजस्थानातल्या मलानी खडकांचा ध्रुव आणि पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या मंडाइन वेल डाइकचा ध्रुव घ्या. भारत आणि ऑस्ट्रेलिया नंतरच्या गोंडवनात जसे होते तसे शेजारी ठेवले तर हे दोन ध्रुव एकमेकांवर यायला हवेत. ते येत नाहीत. म्हणजे साधारण ७५ कोटी वर्षांपूर्वी हे दोन खंड त्या मांडणीत नव्हते. उलट ते जुळले असते, तर 'असे असू शकतील' एवढंच म्हणता आलं असतं.

इथेही वय सोडत नाही बरं का. मलानीचं वय पुढे ७७.१ कोटी वर्षं धरलं गेलं आणि मंडाइन वेलचं ७५.५ आहे. वर्षाला १० सेंटिमीटर वेगाने खंड मधल्या १.६ कोटी वर्षांत १,६०० किलोमीटर, म्हणजे १४ अंशांहून थोडा जास्त सरकू शकतो. तेव्हा दोन ध्रुवांतला फरक याहून मोठा आहे का, हा पहिला प्रश्न विचारा.

वान डर वू यांनी १९९० मध्ये ध्रुव पारखायच्या सात कसोट्या मांडल्या. त्यात पहिली कसोटी वयाचीच आहे. लींचा लेख उघडाल तेव्हा नकाशा बाजूला ठेवा आणि आधी ध्रुवांचा तक्ता काढा. भारताच्या ओळी शोधा. प्रत्येक ओळीला वय कुठल्या खनिजावरून आलं, घडीची किंवा भाजलेल्या संपर्काची चाचणी झाली का, आणि २००८ नंतर त्या खडकाचं नवं वय कुणी काढलं का, हे तीन रकाने स्वतःच्या वहीत भरा. एक दुपार जाईल.