मेघाची वाकडी वाट

‘मेघदूता’वर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. चिंतामणराव देशमुख, कुसुमाग्रज, बा. भ. बोरकर, शांता शेळके यांनी त्याचे अनुवाद केले. विरह, शृंगार, मंदाक्रांता यांची चर्चाही भरपूर झाली. पूर्वमेघातला प्रवास मात्र बहुतेक वेळा नुसती आरास म्हणून बाजूला राहतो. भूगोल शिकवणाऱ्या माणसाला हे पटत नाही.

पाठ्यपुस्तकात प्रदेश शिकवताना आधी भूरचना, मग हवामान, मग पिके आणि सर्वांत शेवटी माणसे, अशी उतरंड असते. प्रेअरी असो की माळवा, साचा एकच. कालिदास हे सारे एका दमात सांगतो. शेती मेघाच्या हाती, म्हणून खेड्यातल्या बायका त्याच्याकडे आशेने पाहतात. लगेच नुकत्याच नांगरलेल्या जमिनीचा वास येतो. दशार्ण देशात बागांना केवड्याचे कुंपण आहे, गावातल्या झाडांवर पक्ष्यांची घरटी बांधण्याची गडबड आहे, रानात जांभळे पिकली आहेत. पुढे एक नदी उन्हाळ्याने वेणीसारखी बारीक झालेली, काठच्या झाडांची वाळली पाने पडून फिकट दिसणारी. हे डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाचे लिहिणे आहे.

उज्जयिनीत शिरल्यावर मात्र ही नजर सुटते. महाल, केसांना दिलेल्या धूपाचा दरवळ, रात्री निघालेल्या अभिसारिका! नगरीला धान्य कुठून येते याचा पत्ता नाही. शिप्रा भेटते तीही वाऱ्याच्या रूपाने, सारसांचा आवाज आणि कमळांचा गंध घेऊन. भरल्या नदीकाठी पाण्याची आठवण कशाला होईल?

आज उज्जैन स्टेशनाजवळच्या देवास गेटवरून देवासकडे निघाले की तोच मुलूख लागतो. काळी जमीन, पावसाळ्यात सोयाबीन, हिवाळ्यात गहू. पावलागणिक पाणी अशी ज्याची ख्याती, त्या माळव्यात बोअर घेता घेता पाणी खोल गेले, आणि 1990 च्या दशकात देवास शहराला रेल्वेने पाणी आणावे लागले. 2006 पासून देवास जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी स्वतःच्या जमिनीचा तुकडा सोडून हजारो शेततळी खोदली. शिप्रेसाठी निराळा उपाय झाला. 2014 मध्ये नर्मदेचे पाणी पंपांनी सुमारे 350 मीटर चढवून तिच्या उगमाजवळ सोडण्यात आले. 2016 च्या सिंहस्थात या पाण्याचाच मोठा आधार होता.

यक्षही मेघाला हेच सांगतो ना? रेवेचे पाणी घे, आणि वाट वाकडी झाली तरी उज्जयिनी चुकवू नकोस. फरक फक्त विजेच्या बिलाचा, असे कोणी म्हणेल. पण श्लोक नीट वाचावा. कालिदासाचा मेघ आधी पाऊस ओतून रिता होतो आणि मग रेवेचे पाणी उचलतो. पंपाला यातला दुसरा अर्धाच येतो. शेततळ्यात पहिलाही येतो: आधी पाऊस अडवायचा, मग उपसा. संस्कृतच्या तासाला त्या विशेषणाचा समास सोडवून आपण पुढच्या ओळीकडे वळतो.