आनंदीबाई जोशी यांचीं चरित्रें आणि परदेशीय द्रव्यसाहाय्य

डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या चरित्राचे दोन आद्य ग्रंथ आहेत. एक, कॅरोलाइन हीली डॉल या अमेरिकन लेखिकेनें बोस्टन येथें १८८८ सालीं प्रसिद्ध केलेला इंग्रजी ग्रंथ. दुसरा, काशीबाई कानिटकर यांचा मराठी चरित्रग्रंथ. पुढें श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी व त्याच नांवाचा २०१९ चा चित्रपट यांनीं ही कथा घरोघर नेली. पतीचा हट्ट व पत्नीचा निग्रह यांवर आजवर इतका भर पडला आहे कीं, एक साधा प्रश्न मागें राहतो: या शिक्षणाचा पैसा कोणीं दिला, आणि देतांना काय मागितलें?

आपल्या धर्मशास्त्रकारांनीं दानाबरोबर प्रतिग्रहाचाही विचार केला आहे. कोणाचें घ्यावें व कोणाचें घेऊं नये, याची त्यांनीं तपशिलानें चर्चा केली. कारण घेणाऱ्यावर देणाऱ्याचें ओझें येतें, हें ते जाणून होते. हीच कसोटी येथें लावून पाहूं.

साहाय्याचे प्रसंग कालक्रमानें असे आहेत. (१) १८७८ सालीं गोपाळरावांनीं कोल्हापुराहून रेव्हरंड वाइल्डर या मिशनऱ्यास पत्र लिहून पत्नीच्या शिक्षणासाठीं साहाय्य मागितलें. त्यांनीं धर्मांतराची अपेक्षा दाखविली व हा पत्रव्यवहार आपल्या मासिकांत छापिला. गोष्ट तेथेंच खुंटली. (२) तोच छापील मजकूर १८८० सालीं न्यू जर्सी प्रांतांतील रोझेल येथील थिओडोशिया कार्पेंटर यांच्या वाचनांत आला. त्यांनीं पत्रें लिहून स्नेह जोडला व पुढें आनंदीबाईंस घरीं आश्रय दिला. त्याबद्दल धर्माचा मोबदला मागितला नाहीं. (३) २४ फेब्रुवारी १८८३ रोजीं बंगालमधील श्रीरामपूर येथील कॉलेजांत आनंदीबाईंनीं जाहीर भाषण केलें. त्यानंतर जी मदत जमली तींत व्हाइसरॉयचे २०० रुपये होते. (४) फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजाच्या प्रमुख रेचल बॉडली यांनीं त्यांस प्रवेश दिला व तीन वर्षांकरितां ६०० डॉलरांची शिष्यवृत्ति मिळाली.

यांत तिसरा प्रसंग अत्यंत महत्त्वाचा आहे. आपण हिंदु म्हणून जाणार व हिंदु म्हणूनच परत येणार, हें आनंदीबाईंनीं त्या भाषणांत, पैसा हातीं येण्यापूर्वीं, उघड सांगितलें. म्हणजे येथें अट दात्यानें घातली नाहीं. घेणारीनें घातली, आणि ती मान्य करूनच दात्यांनीं दिलें. २८ जून १८८३ चें त्यांचें अर्जवजा पत्र फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या दप्तरखान्यांत जपलेलें आहे. त्यांतही याचनेपेक्षां प्रयोजनच ठळक दिसतें: पुरुष वैद्याच्या हातून उपचार घेण्यापेक्षां मरण पत्करणाऱ्या देशभगिनींची सेवा. म्हणून ‘मिशनच्या पैशावर शिकली’ हा आक्षेप जसा निराधार, तसाच ‘केवळ स्वबळावर शिकली’ हा गौरवही अपुरा ठरतो. आनंदीबाईंनीं साहाय्य नाकारलें नाहीं. त्यामागची अट नाकारली.

डॉलबाईंच्या ग्रंथाच्या उपशीर्षकांत आनंदीबाईंची ओळख पंडिता रमाबाईंची आप्त म्हणून करून दिली आहे. रमाबाईंच्या कार्याला पैसा पुरविण्यासाठीं बोस्टन येथें १८८७ सालीं संस्था निघाली होती, हें ध्यानीं घेतलें म्हणजे हा ग्रंथ कोणत्या वाचकांपुढें गेला तें उमगतें. दात्यांच्या देशांत लिहिलेलें चरित्र दात्यांच्या दृष्टीनें वाचलें जाणारच. काशीबाईंनीं पत्रांचा आधार घेतला, हा त्यांचा मोठा गुण. परंतु द्रव्यसाहाय्याचा स्वतंत्र विचार हा त्यांचा विषय नव्हे.

समकालीन उदाहरणें ताडून पाहतां ही कसोटी अधिक स्पष्ट होते. पंडिता रमाबाई १८८३ सालीं इंग्लंडास गेल्या त्या ‘स्त्रीधर्मनीति’ या स्वतःच्या पुस्तकाच्या उत्पन्नावर. परंतु तेथें वाँटेज येथील भगिनीमंडळाच्या आश्रयास राहिल्या व त्याच वर्षीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. तरीही आश्रयदात्यांचें मत त्यांनीं निमूटपणें मानलें नाहीं, हें १९७७ सालीं अ. भि. शहा यांनीं संपादिलेल्या पत्रसंग्रहावरून कळतें. पुण्याच्या डेक्कन कॉलेजांतून वरच्या क्रमांकानें उत्तीर्ण झालेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांस सरकारी शिष्यवृत्ति केवळ स्त्री म्हणून नाकारण्यांत आली. इंग्लंडांतील हितचिंतकांनीं पैसा उभा केला, म्हणून १८८९ सालीं त्या ऑक्सफर्डास पोहोंचल्या. एकीच्या वाट्यास आश्रयाबरोबर वाद आला, तर दुसरीस गुण असूनही नियम आडवा आला.

रमाबाईंची बाजू आज कळते ती पत्रें राहिलीं म्हणून. आमच्या संग्राहकांस थोरांच्या सहीचें पत्र मोलाचें वाटतें. वर्गणीची यादी, पैसे पोंचल्याची पावती, घरखर्चाची वही मात्र रद्दींत जाते. परंतु देणाऱ्यानें काय मागितलें व घेणारीनें काय मान्य केलें, याचा पुरावा याच कागदांत असतो. ज्या कोल्हापुरांतून १८७८ सालीं पहिली याचना गेली, त्याच संस्थानानें १८८६ सालीं आनंदीबाईंस आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्रीविभागाची जागा देऊं केली. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यांत त्या वारल्या, आणि ती जागा त्यांच्याकडून भरली गेली नाहीं. घेतलेल्या विद्येची फेड करण्यास त्यांस आयुष्य उरलें नाहीं. निदान ती विद्या त्यांनीं कोणत्या अटीवर घेतली, याचा हिशेब तरी आपण नीट मांडावा. ज्यांच्या घरीं त्या काळचीं जुनीं दप्तरें असतील, त्यांनीं तीं टाकून देण्यापूर्वीं एकवार उलगडून पाहावीं.