गोळाबेरीज बरोबर, आकडे चूक: स्मृतीवरच्या एका निबंधाची चिकित्सा

मागच्या व्याख्यानात आपण प्रत्यक्षाविषयी बोललो. आज स्मृती. पण स्मृतीवर मोघम बोलण्यापेक्षा मी एकच निबंध समोर ठेवणार आहे. उल्रिक नायसर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा, १९८१ साली ‘कॉग्निशन’ या नियतकालिकात आलेला, जॉन डीन याच्या स्मृतीवरचा निबंध. मी तो कित्येक वर्षं वर्गात शिकवला, आणि त्याचा निष्कर्ष मान्य करूनच शिकवला. आज मला तो पुरता मान्य नाही. का, ते सांगतो.

आधी हकिगत. जून १९७२ मध्ये वॉशिंग्टनच्या वॉटरगेट इमारतीत विरोधी पक्षाच्या कार्यालयात घुसलेली माणसं पकडली गेली. प्रकरण दडपण्याचा उद्योग थेट राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या कचेरीतून चालला होता. डीन हा निक्सनचा कायदेविषयक सल्लागार, म्हणजे या उद्योगातलाच माणूस. जून १९७३ मध्ये त्यानं सिनेटच्या समितीपुढे २४५ पानांचं निवेदन वाचलं. कोणती बैठक कधी झाली, कोण काय म्हणालं, सगळं तपशीलवार. लोक त्याला ‘चालताबोलता टेपरेकॉर्डर’ म्हणू लागले. आणि पुढच्याच महिन्यात उघड झालं की निक्सनच्या कचेरीत खराखुरा टेपरेकॉर्डर चालू होता!

नायसर यांचं मोठेपण असं की, इथे आपल्याला काय हाती लागलंय हे त्यांनी ओळखलं. एका बाजूला शपथेवर सांगितलेली आठवण, दुसऱ्या बाजूला त्याच संभाषणाची ध्वनिफीत. हा योग दुर्मीळ. त्यांनी दोन बैठका घेतल्या आणि डीनचं निवेदन टेपच्या उताऱ्याशी ताडून पाहिलं.

पहिली बैठक १५ सप्टेंबर १९७२ ची. त्या दिवशी आरोप फक्त सात जणांवर ठेवले गेले, वरची मंडळी सुटली. डीन सांगतो: राष्ट्राध्यक्षांनी मला बसायला सांगितलं, कामाबद्दल शाबासकी दिली, प्रकरण लिडीपाशीच थांबलं म्हणून समाधान व्यक्त केलं, मी म्हणालो, श्रेय एकट्या माझं नाही, आणि हे कधीतरी उलगडेलही. टेपमध्ये काय आहे? बसायला सांगितलेलं नाही. सुरुवातीची ती शाबासकी नाही. लिडीचा उल्लेख नाही. आणि हे उलगडेल असं डीन म्हणालाच नाही. काही कोसळणार नाही, असा उलट दिलासा त्यानं दिला होता. दुसरी बैठक २१ मार्च १९७३ ची. तिथे तो बराच बरोबर आहे, विशेषतः जिथे तो स्वतः तयारी करून बोलला तिथे. पण लाच म्हणून दहा लाख डॉलर उभे करण्याची गोष्ट, जी टेपमध्ये २१ तारखेला आहे, ती त्यानं १३ तारखेच्या बैठकीत नेऊन ठेवली.

आता नायसर यांचा निष्कर्ष. ते म्हणतात, शब्द चुकले, प्रसंगही चुकले, तरी डीन खोटा नव्हता. व्हाइट हाउसमध्ये काय चाललं होतं ते त्यानं बरोबर सांगितलं. अनेक बैठकांमधून जे पुन्हा पुन्हा घडत होतं तेच त्याच्या मनात एका प्रसंगाचं रूप घेऊन बसलं होतं. अशा आठवणीला नायसर यांनी ‘रिपिसोडिक’ असा शब्द घडवला. आपल्या भाषेत सांगायचं तर, आकडे चूक, गोळाबेरीज बरोबर.

हे म्हणणं महत्त्वाचं आहे. प्रयोगशाळेत शब्दांच्या याद्या पाठ करायला लावून किती चुकले ते मोजणाऱ्यांना नायसर यांनी विचारलं: माणूस रोजच्या जगण्यात यादी लक्षात ठेवतो का? प्रश्न योग्यच होता. माझे आक्षेप निष्कर्षाला आहेत, आणि ते दोन आहेत.

पहिला. गोळाबेरीज बरोबर आहे हे नायसर यांना कशावरून कळलं? टेपवरून! डीनच्या आठवणीत असं काहीही नव्हतं की ज्यावरून बरोबर कुठलं आणि चुकीचं कुठलं हे वेगळं करता यावं. खात्री दोन्हीकडे सारखी. म्हणजे ‘स्मृती ढोबळमानानं विश्वासार्ह असते’ हे विधान स्मृतीनं मिळवलेलं नाही, टेपनं तिला बहाल केलेलं आहे. जिथे टेप नाही, तिथे हे प्रशस्तिपत्र कोण देणार?

दुसरा. डीनच्या चुका कशाही विखुरलेल्या नाहीत. त्यांना दिशा आहे. आठवणीत तो अधिक मानाचा, अधिक नम्र, अधिक दूरदर्शी होतो. हे नायसर स्वतःच दाखवतात, त्याच्या महत्त्वाकांक्षेविषयी लिहितात. निष्कर्षावर मात्र त्याचा पुरेसा परिणाम झालेला दिसत नाही. सगळ्या चुका एकाच माणसाच्या खात्यात जमा होत असतील, तर गोळाबेरीजही तपासायला हवी.

हे मी इतक्या आग्रहानं का म्हणतोय? स्वतःवर आलं म्हणून. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. वडिलांचा हात धरून लकडी पुलाच्या अलीकडे उभा आहे, समोरून गढूळ पाणी येतंय, एक लाकडी कपाट वाहत चाललंय. ही आठवण मी वर्गात सांगितली, नातवंडांना सांगितली. काही वर्षांपूर्वी थोरल्या बंधूंपाशी विषय निघाला. ते म्हणाले, ‘‘अरे, तू होतास कुठे? तू साताऱ्याला आजीकडे होतास. कपाट मी पाहिलं.’’ मी वाद घातला. चांगला कडाडून. आई गेल्यावर तिच्या ट्रंकेत एक पोस्टकार्ड सापडलं. साताऱ्याहून, १५ जुलैचं. ‘ती. बाबांस सा. न., आपण सर्व सुखरूप आहात ना?’ अक्षर माझं.

मंडळी, मी खोटं बोलत नव्हतो. आणि गंमत पुढेच आहे. कार्ड पाहिल्यावरही ते कपाट मला दिसतं!

आपल्या परंपरेत याची मांडणी फार सूक्ष्म आहे. नैयायिकांनी स्मृतीला प्रमाणांत बसवलं नाही. ती संस्कारातून येते; तिचा खरेपणा मूळ अनुभवाकडून उसना घेतलेला. प्राभाकर मीमांसक त्याच्या पुढे जातात. शिंपल्याला पाहून ‘हे रुपं’ असं आपण का म्हणतो? ‘हे’ समोर दिसतं, ‘रुपं’ आठवतं. आठवणीला खरं तर ‘ते’, म्हणजे पूर्वी पाहिलेलं, अशी खूण असते. ती खूण हरवते आणि आठवलेलं समोरचं वाटू लागतं. याला ते स्मृतिप्रमोष म्हणतात. प्रमोष म्हणजे चोरी. त्यांचा प्रश्न शिंपल्याचा होता, माझा पानशेतचा. पण हाच विचार एक पाऊल पुढे नेता येतो. दादांकडून ऐकलेल्या गोष्टीवरची ‘ऐकलेलं’ ही खूण माझ्याकडे चोरीला गेली, ऐवज तेवढा राहिला. डीननं तर निवेदन तयार करताना वर्तमानपत्रांची कात्रणं पुढे ठेवली होती. वाचलेलं कुठलं, ऐकलेलं कुठलं, मनात योजलेलं कुठलं? खुणा गेल्या की सगळा ऐवज एकसारखाच चमकतो.

मग स्मृतीवर विश्वास ठेवायचाच नाही का? तसं म्हणणं आततायीपणाचं होईल. ठेवायचा, पण साक्षीदारावर ठेवतो तसा. दप्तरावर ठेवतो तसा नव्हे. साक्षीदार प्रामाणिक असूनही चुकतो, म्हणून त्याची उलटतपासणी घेतात. १८७२ च्या पुरावा कायद्यातल्या कलम १५९ नं साक्षीदाराला स्वतःचं टिपण पाहायची मुभा दिली होती, पण ते घटनेच्या वेळचं, किंवा आठवण ताजी असतानाच लिहिलेलं असेल तर. कायदा करणाऱ्यांना माणूस नीट ठाऊक होता.

आपण मात्र घरात हे विसरतो. वाटण्यांच्या वेळी कोण काय बोललं, आईनं शेवटी कुणाचं नाव घेतलं, यावरून भाऊ भावाशी वर्षानुवर्षं बोलत नाहीत. दोघांनाही ‘स्पष्ट आठवतं’. त्यातला एकजण खोटारडा असलाच पाहिजे असं नाही. दोघंही डीन असू शकतात, आणि घरात टेप नसते. पानशेतवरून मी दादांशी ज्या सुरात बोललो, त्याची मला आज लाज वाटते. एवढं आठवतं, आणि याला साक्षीदार आहेत.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ या.