लोण गेला, ऑल आऊट आला

अनुप कुमारची चढाई टीव्हीवर बघताना मला समालोचकांची दया यायची. हा माणूस संध्याकाळी फिरायला निघाल्यासारखा मध्यरेषा ओलांडणार, कोपऱ्याकडे जरासं बघणार, बोनस घेणार आणि घाई न करता परत येणार. यात ओरडायचं काय? पण ओरडणं भाग असायचं. मग अनुप चालायचा आणि समालोचक धावायचे.

यू मुंबा माझी टीम. २६ जुलै २०१४ला प्रो कबड्डीचा पहिलाच सामना वरळीत झाला, आपण जयपूरला ४५-३१ हरवलं, तेव्हापासून. त्याच जयपूरने पुढे फायनलमध्ये रडवलं. २०१५ला बंगळुरूला ३६-३०ने हरवून कप आणला. त्यानंतर वाट बघणं चालू आहे, पण तो विषय नको.

आम्ही दहिवलीची पोरं कबड्डी आधी कानांनी शिकलो. आसपासच्या गावांत हिवाळ्यात प्रकाशझोतातल्या स्पर्धा असतात. गर्दीत पुढचं काही दिसत नाही, म्हणून कर्ण्यावरच्या माणसावर भरवसा. तो पक्षपाती असतो, ऐन चढाईत देणगीदारांची नावं वाचतो. पण 'डावा गुडघा जपतोय' हे तोच सांगतो, कारण मागच्या वर्षी तो गुडघा दुखावला तेव्हा तो तिथेच होता. टीव्हीवाला त्याच खेळाडूचे एकूण गुण सांगेल.

आणि शब्द. टीव्हीवर 'ऑल आऊट' म्हणतात. चूक काहीच नाही, सगळे बाद झाले, दोन जादा गुण मिळाले. पण लोण 'दिला' जातो. कुणी कुणाला दिला हे त्या क्रियापदातच येतं, आणि शेजारच्या गावाने दिलेला लोण वर्षभर पुरतो. 'सुपर टॅकल'बद्दल मात्र माझी तक्रार नाही. आपला 'अव्वल पकड' पेपरात छापायला ठीक, तोंडात बसत नाही.

खरी तक्रार दमाची आहे. चढाईला ३० सेकंदांचं घड्याळ आल्यावर समालोचक सेकंद मोजायला लागले. 'कबड्डी कबड्डी' म्हणणं नियमात आजही आहे, पण संगीत आणि दोन-तीन माणसांच्या आरड्याओरड्याखाली ते बुडून जातं. जो घोष हेच खेळाचं नाव, तोच घोष प्रक्षेपणात ऐकू येत नाही, हे क्रिकेटमध्ये बॅटचा आवाज बंद करण्यासारखं आहे. माझी एवढीच मागणी आहे: तिसऱ्या, करो या मरो चढाईला तरी सगळ्यांनी गप्प बसा. पोराचा दम ऐकू द्या.

हे मी धाकट्या बहिणीला ऐकवतो तेव्हा ती हसते. ती मैदानावर कधी गेली नव्हती. रात्री उशिरा पुरुषांच्या गर्दीत तिला कोण नेणार होतं? मी तरी कुठे नेलं? ती २०१८ला सिद्धार्थ देसाईमुळे बघायला लागली. कोल्हापूरकडचा हा गडी पहिल्याच मोसमात यू मुंबासाठी दोनशेवर गुण घेऊन गेला आणि पुढच्या वर्षी तेलुगूने त्याला १ कोटी ४५ लाखांना नेला. ती त्या दिवशी जेवली नाही. कोपऱ्यातला आणि कव्हरचा बचावपटू साखळी कशी धरतात हे तिला माझ्यापेक्षा नीट कळतं. रिप्लेने शिकवलं, त्याच आरडाओरडा करणाऱ्यांनी शिकवलं.

गेल्या हिवाळ्यात तिला घेऊन मैदानावर गेलो. कर्णा नेहमीसारखा फाटलेला होता. दुसऱ्या सत्रात एकदम गलका झाला.

"दादा, लोण म्हणजे?"

"ऑल आऊट," मी म्हटलं, आणि ती मान हलवून पुन्हा मैदानाकडे बघू लागली.